लढाईच्या काळात चहा महाग का होतो आणि पाणचट का लागतो?



आपल्या घनसावंगी-अंबडच्या काळ्या रानात ऊस होतो, कापूस होतो, तूर होते. पण चहाचे झाड काही येत नाही. असे असले तरी कुंभार पिंपळगावच्या बाजारात चहाशिवाय बैलाचा सौदा पुरा होत नाही, की सोयरिकीची बोलणी पुढे सरकत नाहीत. ज्या पानाचे झाड आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही, ते पान आपल्या चुलीवर रोज दोन-तीन वेळा उकळते. त्यात पडणारी साखर मात्र आपली असते. म्हणून चहाचे भाव कशाने हलतात हे ऊस उत्पादकाने समजून घ्यावे, असे वाटते.

लढाई लागली की चहा महागतो आणि वाईट येतो, हे आपण ऐकत आलो आहोत. यात तथ्य आहे. पण महागाईचे कारण वेगळे आणि दर्जा घसरण्याचे कारण वेगळे. शिवाय महागाईचा पैसा मळ्यातल्या मजुराच्या पदरात पडतोच असेही नाही. या तिन्ही गोष्टी एकेक करून पाहू.

पानापासून पुडीपर्यंत

चहाच्या झुडपाच्या शेंड्यावरची दोन कवळी पाने आणि त्यांमधला कोंब एवढेच खुडायचे असते. खुडणी पुष्कळशी हाताने होते आणि या कामात बाया पुष्कळ असतात. एका झुडपावर साधारण आठवड्याने फेरी यावी लागते. फेरी लांबली की पान निबर होते. आपल्या भेंडीचे जसे असते तसेच.

खुडलेले पान कारखान्यात आणून सुकवतात, चुरडतात, ओलसर हवेत काळवंडू देतात, मग भट्टीत वाळवतात आणि चाळण्यांवर प्रतवारी करतात. साधारण साडेचार किलो ओल्या पानांपासून एक किलो चहा तयार होतो. म्हणजे चहाचा 'उतारा' शेकडा बावीसच्या आसपास. आपल्या उसाचा दहा-अकरा असतो.

तयार चहात पाण्याचा अंश अगदी थोडा, शेकडा तीनच्या आसपास राहतो. त्यामुळे तो हवेतली ओल चटकन ओढतो आणि शेजारच्या वस्तूचा वासही धरतो. रॉकेलच्या डब्याजवळ ठेवलेली पुडी काय होते, हे गृहिणींना सांगायला नको. सबब चहाला चांगली पेटी, कोरडे गोदाम आणि वेळेवर वाहतूक लागते. लढाईत नेमक्या या तीन गोष्टींवर गदा येते.

पहिली लढाई : आधी तेजी, मग घसरगुंडी

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या सप्टेंबरात, 'एम्डेन' नावाची जर्मन युद्धनौका बंगालच्या उपसागरात शिरली. तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या आणि कितीतरी व्यापारी जहाजे बुडवली. त्यांत चहा भरून विलायतेला निघालेले 'डिप्लोमॅट' हे जहाजही होते. असे एक जहाज बुडाले की नुसता त्यावरचा माल जात नाही. पुढच्या प्रत्येक जहाजाचे भाडे वाढते, विम्याचा हप्ता वाढतो, आणि काही जहाजे बंदरातून हलतच नाहीत. चहा मळ्यात तोच, पण पलीकडच्या काठावर महाग.

सैनिकांना चहा हवाच होता. मागणी वाढली, भाव चढले, मळेवाल्यांनी भरपूर माल काढला. पण १९१७ साली रशियात क्रांती झाली आणि ते मोठे गिऱ्हाईक हातचे गेले. लढाई १९१८ साली थांबली. विलायतेत हलक्या चहाचे ढीग साचलेले होते. १९२० साली भाव कोसळले.

भाव चढले तेव्हा मजुराची मजुरी त्या मानाने चढली नव्हती. बाजारात धान्य-कापड मात्र महाग झाले होते. भाव कोसळल्यावर कात्री प्रथम मजुराच्या कमाईला लागली. मे १९२१ मध्ये आसामातल्या चारगोळा खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून, बायकापोरांसह पायी गावाकडे निघाले. त्यांच्यापैकी चांदपूरच्या रेल्वे स्टेशनावर अडकून पडलेल्यांवर रात्रीच्या वेळी गुरखा शिपाई सोडण्यात आले. चहाच्या इतिहासातले हे काळे पान आहे. तेजीत ज्याला वाटा मिळाला नाही, मंदीत ओझे मात्र त्याच्याच डोक्यावर आले.

दुसरे महायुद्ध : सगळ्या मालाला एकच गिऱ्हाईक

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध लागले. लंडन ही तेव्हा चहाची जगातली मोठी पेठ. बॉम्बहल्ल्यात सगळा साठा एकदम जळू नये म्हणून विलायत सरकारने तो ताब्यात घेऊन ठिकठिकाणी पांगवला. लंडनचे चहाचे लिलाव बंद पडले ते थेट १९५१ साली पुन्हा सुरू झाले. १९४० च्या जुलैपासून तेथे माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास, चहा मिळू लागला. हे रेशन १९५२ पर्यंत चालले.

१९४२ साली जपानने जावा-सुमात्रा घेतले. हिंदुस्थान आणि सिलोनच्या खालोखाल चहा तिथूनच जगाला जात होता. चीनचा चहाही तुटला. उरले मुख्यत्वे हिंदुस्थान आणि सिलोन. दोस्त राष्ट्रांसाठी विलायतेचे अन्न खाते हेच एकहाती खरेदीदार झाले. लिलाव नाही, चढाओढ नाही. करार करून ठोक खरेदी. लढाईपूर्वीच्या काही वर्षांत ज्या मळ्याला जो सरासरी भाव मिळालेला, तो धरून त्याचा दर बांधायचा, अशी पद्धत पडली.

आता बघा, गिऱ्हाईक एक, दर ठरलेला, आणि माल कितीही आला तरी हवाच. दर्जा घसरण्याचे बीज इथे आहे.

दर्जा का घसरला?

पहिले कारण निबर पान. दोन पाने आणि कोंब यांच्याऐवजी तिसरे-चौथे पानही खुडले तर टोपली लवकर भरते, वजन वाढते. चव मात्र जाते. लिलावात चाखून पाहणारा दलाल बसलेला असतो, तेव्हा निबर पानाला मार बसतो. जिथे दर आधीच ठरला आणि माल वजनावर उचलला जातो, तिथे बारीक खुडणी करणाऱ्याला जास्तीचे काय मिळणार? काहीच नाही. मग तोही टोपली भरू लागतो.

दुसरे कारण माणसांचे. ब्रह्मदेश पडल्यावर, १९४२ साली, हजारो निर्वासित डोंगर ओलांडून आसामात येऊ लागले. त्यांच्या छावण्यांसाठी आणि दिमापूर-इंफाळच्या लष्करी रस्त्यासाठी चहाच्या मळ्यांतून हजारो मजूर पाठवले गेले. मळ्यात हात कमी पडले की खुडणीची फेरी लांबते. कोणी मुद्दाम करो वा न करो, पान आपोआप निबर होते. तोडणीची टोळी न आल्याने ऊस उभा राहिला की काय होते, हे आपण जाणतोच.

तिसरे कारण पेटीचे. चहाच्या प्लायवूडच्या पेट्या बऱ्याचशा युरोपातून येत. लढाईने ती आयात बंद पडली आणि आतून लावायचा धातूचा पातळ पत्राही दुर्मिळ झाला. त्या अडचणीतून आपल्या देशातला प्लायवूडचा धंदा वाढीस लागला, ही त्यातली चांगली बाजू. पण पेटी कमअस्सल आणि माल स्टेशनावर पडून, असे झाले की चहा ओल धरणारच. रेल्वेच्या वाघिणी आधी दारूगोळ्याला, मग धान्याला, आणि उरल्या तर चहाला.

चौथे कारण उरल्यासुरल्याचे. चांगला माल करारात परदेशी आणि सैन्याकडे जाई. गावच्या दुकानात यायचा तो त्यातून राहिलेला. टंचाईत गिऱ्हाईक नावे ठेवीत नाही, हे व्यापाऱ्याला ठाऊक असते.

इथे एक खुलासा केला पाहिजे. 'डस्ट' म्हणजे कचरा, असा आपल्याकडे समज आहे, तो खरा नाही. डस्ट ही चाळणीवरची बारीक प्रत. बारीक असल्याने ती रंग लवकर सोडते. चांगल्या पानाची डस्ट चांगली, निबर पानाची वाईट. चहाचा कस दाण्याच्या आकारावर नाही, तर खुडलेल्या पानावर ठरतो.

निजामी राज्यात आपल्याकडे

त्या काळी आपला हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. (जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला.) संस्थानचे नाणे वेगळे, हाली सिक्क्याचे सात रुपये म्हणजे इंग्रजी सहा. संस्थानच्या हद्दीवर करोडगिरीची नाकी. बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा पाच हा जकातीचा जुना दर. म्हणजे कलकत्त्याहून निघालेला चहा मनमाडमार्गे मीटरगेजच्या गाडीने जालन्यास यायचा, तर वाटेत एक नाके आपल्या वाट्याला जास्तीचे होते.

लढाईच्या खर्चासाठी इंग्रज सरकारने १९४४ साली चहावर नवा अबकारी कर बसवला. पौंडाला दोन आणे. हा कर मळ्याच्या कारखान्यातच लागे, त्यामुळे संस्थानातल्या गिऱ्हाइकालाही तो सुटला नाही. साखरेवर १९४२ पासूनच नियंत्रण आलेले होते. संस्थानात बोधनचा निजाम शुगर फॅक्टरीचा कारखाना होता. पण आपल्या भागात ना कालवा, ना साखर कारखाना. खेड्यात गुळाचा चहा हाच आधार. शेतकऱ्याकडून धान्याची सक्तीची लेव्ही घेतली जात होती, ती वेगळीच. विकायचे ते सरकारी दराने आणि घ्यायचे ते मिळेल त्या भावाने, अशी कुणब्याची कोंडी झाली.

पुढे १९४७-४८ साली संस्थान भारतात विलीन होण्यावरून ताण वाढला, हद्दीवर मालाची ये-जा अडली. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर ही अडवणूक संपली, आणि काही वर्षांत करोडगिरीची नाकी व हाली सिक्का दोन्ही इतिहासजमा झाले.

रस्ता तुटला की काय होते

लढाईत भाव नेहमी चढतोच, असे मात्र नाही. रस्ता कुठे तुटला आणि आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत, यावर ते ठरते. अलीकडे माल साचतो आणि भाव पडतो. पलीकडे टंचाई होते आणि भाव चढतो.

फाळणीनंतर आसामचा पुष्कळसा चहा आगबोटींतून ब्रह्मपुत्रेने, पूर्व पाकिस्तानच्या हद्दीतून कलकत्त्यास येत असे. सप्टेंबर १९६५ च्या लढाईत हा जलमार्ग बंद झाला, वाटेतल्या बोटी मालासकट अडकल्या. तेव्हा सिलीगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्टीतून जाणारी रेल्वे उपयोगी पडली. हा लोहमार्ग फाळणीनंतर दोनेक वर्षांत बांधून १९५० साली सुरू केलेला होता. तो नसता तर चहा आसामात कुजला असता. योगायोग असा, की ती लढाई थांबल्यावर महिन्याच्या आतच, १८ ऑक्टोबर १९६५ रोजी, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. त्याच धरणाच्या डाव्या कालव्यावर आज आपल्या भागातला ऊस उभा आहे.

१९७१ च्या लढाईत उलटी बाजू दिसली. सिल्हेटचे मळे पूर्व पाकिस्तानात होते आणि तिथला चहा पश्चिम पाकिस्तानात जाई. बांगला देश स्वतंत्र झाला आणि पाकिस्तानला चहा परदेशातून विकत घेण्याची पाळी आली. सिल्हेटच्या मळेवाल्यांचे हक्काचे गिऱ्हाईक गेले. एकाच लढाईने एकीकडे टंचाई आणि दुसरीकडे मालाला उठाव नाही.

लढाई आपल्या दारात नसली तरीही चाट बसते. १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद होता. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले तेव्हाही पुष्कळ जहाजांनी तोच लांबचा रस्ता धरला. दिवस वाढले, डिझेल वाढले, भाडे वाढले. २०२२ साली रशिया-युक्रेन लढाई लागली. रशिया हा आपल्या चहाचा जुना गिऱ्हाईक. त्याच्याकडून पैसे कसे यायचे आणि माल कसा जायचा, याचीच पंचाईत झाली.

पुडीच्या भावात काय काय असते?

तेव्हा लढाईत पुडी महाग होते ती अशी : जहाजाचे भाडे, लढाईचा जादा विमा, वाघिणीसाठी थांबणे, पेटीचा खर्च, सरकारचा नवा कर, आणि या सर्वांवर साठेबाजाचा नफा. यातली एकही बाब खुडणाऱ्या बाईच्या टोपलीत पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात मळेवाल्यांनी मजुरांना स्वस्त दराने धान्य दिले, हे खरे. पण रोख मजुरी महागाईच्या मागेच राहिली. भाव वाढतो तो बहुतांशी मळ्याच्या आणि चुलीच्या मधल्या वाटेत. ती वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात पैसा.

सहकाराचे महत्त्व इथे कळते. चहा खुडणाऱ्याचा कारखान्यात भाग नव्हता. आपला आहे.

भेसळ ओळखण्याची रीत

टंचाई आली की भेसळ येते. वापरलेला चोथा वाळवून पुन्हा रंगवणे, हरभऱ्याची टरफले किंवा चिंचोक्याची भुकटी मिसळणे, हे जुने प्रकार. देशात १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा झाला, १९५९ साली चहाच्या टाकाऊ मालावर नियंत्रणाचा हुकूम निघाला, आणि आता २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे. तरी घरच्या घरी करण्यासारखी परीक्षा अशी :

टिपकागद ओला करून त्यावर चिमूटभर कोरडा चहा पसरावा. थोड्या वेळाने चहा झटकून टाकावा आणि कागद उजेडात पाहावा. शुद्ध चहाचा डाग पडत नाही, पडला तर अगदी पुसट. रंगवलेल्या चहाचे पिवळे-तांबडे ठिपके लगेच पसरतात. तसेच चहावरून लोहचुंबक फिरवावे. लोखंडाचा कीस असेल तर तो चिकटतो.

आपल्या उसाला लागू पडणारी गोष्ट

लढाईची झळ उसालाही लागते. २०२२ च्या लढाईत पोटॅशचे भाव कडाडले, कारण ते खत रशिया आणि बेलारूसकडून पुष्कळ येते. त्याच वर्षी मे महिन्यात सरकारने साखरेच्या निर्यातीवर मर्यादा घातली. बाहेर भाव चांगला असताना दार अर्धे लोटले गेले. या गोष्टी सभासदाच्या हातातल्या नाहीत, कारखान्याच्याही नाहीत.

पण चहाच्या गोष्टीतला दुसरा भाग, म्हणजे दर्जाचा, तो मात्र आपल्या हातातला आहे. आपला ऊस काट्यावर वजनाने जातो, आणि एफआरपी मात्र कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. २०२२-२३ च्या हंगामापासून मूळ उतारा १०.२५ टक्के धरलेला आहे. त्यावर गेलो तर दर वाढतो. म्हणजे एखाद्याने कोवळा ऊस तोडला, मोळीत वाढे-पाचट-पांगशा बांधल्या, किंवा तोडलेला ऊस दोन-तीन दिवस वाळवत ठेवला, तर त्याच्या उसाचा उतारा वेगळा मोजला जात नाही. नुकसान सगळ्या सभासदांच्या सरासरीत वाटले जाते. पाचटाचे चार किलो काट्यावर त्याला मिळाल्यासारखे वाटतात, आणि शेजाऱ्याने जपून आणलेल्या पक्व उसाची किंमत त्यात बुडते. मग शेजारीही म्हणतो, मी एकट्यानेच का मोळी साफ करावी? लढाईतल्या चहाच्या टोपल्या अशाच भरल्या गेल्या.

यावर उपाय नवे नाहीत. लागणीच्या नोंदीप्रमाणे पाळी येऊ द्यावी, पक्वता पाहून तोड घ्यावी, शेंडा नीट छाटावा, मोळीत पाचट-माती जाऊ देऊ नये, आणि तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा. टोळीवाला घाई करतो, वाहनवाला घाई करतो, हे मान्य. पण फडात सभासद किंवा घरचे माणूस उभे असले की मोळी वेगळी बांधली जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे. आणि ज्यांना वाटते की चांगला ऊस आणणाऱ्याला काही वेगळे मिळाले पाहिजे, त्यांनी तो विषय वार्षिक सभेत जरूर मांडावा. मळ्यातल्या मजुराला तशी सभा नव्हती. आपल्याला आहे, आणि तिथे एका भागधारकाला एक मत आहे.